यात घातलंय काय?

सफरचंदाशी मराठी माणसाची पहिली गाठ दवाखान्यात पडते. आंबा अंगणात भेटतो, पेरू शाळेच्या फाटकाशी, चिंचा-बोरं जिथे जायची बंदी असते तिथे. सफरचंद मात्र कॉटशेजारच्या पत्र्याच्या कपाटावर, थर्मासच्या बाजूला. पेशंटला बघायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. केळी नेली तर माणूस कंजूष ठरतो, द्राक्षं नेली तर खोकल्याचा विषय निघतो, म्हणून सफरचंदं. ती पेशंट खात नाही, त्याला सलाइन असतं. ती घरी येतात आणि बाकीचे खातात. आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्हा भावंडांच्या तब्येती दृष्ट लागण्याइतक्या सुधारल्या होत्या.

त्यामुळे सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही ठासून भरलेली पिशवी आणून ओट्यावर ठेवली, तेव्हा आदल्या रात्रीच चिपळूणहून आलेल्या सासूबाईंनी डोळ्यांवरची झोप बाजूला सारून काळजीने विचारलं, “एवढी? अगं, कोण आजारी आहे?”

आजारी कोणी नव्हतं. निदान वैद्यकीय अर्थाने नव्हतं. आम्ही राहतो बॉस्टनच्या पश्चिमेला. इथे सप्टेंबरात येणारी कामगार दिनाची सुट्टी संपली की ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चांगली धडधाकट, शिकलेली, घराचे हप्ते फेडणारी माणसं रांग लावून पैसे भरतात आणि दुसऱ्याच्या शेतात फळतोडणी करतात. शेतकरी तंबूत खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याने फक्त रिकामी पिशवी विकायची. मजुरी मजुरानेच मालकाला द्यायची ही पद्धत आपल्याकडच्या बागायतदारांच्या अजून कानावर गेलेली नाही, तेच बरं.

पिशवीवर ‘अर्धा बुशेल’ असं लिहिलेलं असतं. बुशेल म्हणजे किती हे कळायला आपल्याला घरी येऊन वजनकाट्यावर दोनदा उभं राहावं लागतं, एकदा पिशवी घेऊन आणि एकदा पिशवीशिवाय. (दुसरा आकडा इथे महत्त्वाचा नाही.) अर्धा बुशेल म्हणजे वीसेक पौंड, नऊ किलो, मध्यम आकाराची साठेक सफरचंदं. याच्या निम्म्या मापाची, पेकची पिशवीही तिथेच टांगलेली असते. पण पिशवी निम्मी असली तरी किंमत निम्मी नसते, आणि एवढा हिशेब मराठी माणसाला उभ्या उभ्या जमतो. घरात माणसं तीन, त्यातल्या एकाला सफरचंद आवडत नाही, हा हिशेब नंतर आठवतो.

बागेत चढायबिढायचं काही नसतं. आंब्याला झेला लागतो, नारळाला पाडेली लागतो. इथली झाडं मुद्दाम खुज्या खुंटावर कलम केलेली, हात वर केला की फळ हातात. मात्र ते ओढायचं नाही. तळहातात धरून वर उचलायचं आणि हलकं पिरगळायचं. ओढलं तर फांदीवरचा आखूड कोंब मोडतो आणि पुढच्या वर्षीची कळी त्या कोंबावरच यायची असते. ही सूचना फलकावर असते, शेतकरी तोंडीही सांगतो, आणि तरी लोक ओढतात, कारण दुसऱ्या हातात फोन असतो. फोटोत फळाकडे बघायचं की फोनकडे यावर जोडप्यांत जे बोलणं होतं ते ओळीच्या पलीकडच्या झाडांना ऐकू जातं. बागेत तोडून खाल्लेल्या फळाचे पैसे सहसा कोणी मागत नाही. आमच्या मंडळातले एक गृहस्थ त्या आशेवर सकाळपासून उपाशी येतात. तिसऱ्या सफरचंदापर्यंत ते शेतकऱ्याला लुटत असतात. पाचव्याला शेतकरी त्यांना लुटत असतो.

खरी अडचण सोमवारपासून सुरू होते. पिशवी फ्रिजमध्ये मावत नाही. बाहेर ठेवली तर सफरचंदं आपली आपण इथिलीन वायू सोडत बसतात, त्याने शेजारची केळी दोन दिवसांत काळी पडतात आणि सफरचंदं एकमेकांनाही पिकवत राहतात. नासका आंबा आढी नासवतो हे सासूबाईंना वाडवडिलांपासून माहीत होतं. त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे हे ऐकून त्यांना आनंद झाला नाही, उलट रसायनशास्त्राला इतका उशीर का झाला एवढंच त्यांनी विचारलं. वाटून टाकावीत म्हटलं तर ज्याला द्यायला जावं त्याच्या ओट्यावर तीच पिशवी. आम्ही एका मैत्रिणीकडे डझनभर पोचवली, तर तिने ‘थांब, तुला पण देते’ म्हणून पंधरा परत दिली. मग मराठी घरात व्हायचं ते झालं. सफरचंदाची कोशिंबीर, सफरचंद घालून शिरा, सफरचंदाचं तात्पुरतं लोणचं. मुलाच्या डब्यात फोडी. त्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या विकराच्या कृपेने दुपारपर्यंत तपकिरी होऊन जशाच्या तशा परत.

शेवटी शेजारच्या आजींना विचारलं. या आजी जन्माने इथल्याच, ऐंशीच्या पुढच्या. दर वर्षी अ‍ॅपलसॉस करतात.

“काय काय लागतं?”

“सफरचंदं.”

“आणि?”

“थोडं पाणी. तळाला लागू नये म्हणून.”

मी वही-पेन घेऊन गेले होते. पुढचं सांगतील म्हणून थांबले. त्याही थांबल्या. त्यांना वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय, म्हणून त्यांनी तेच पुन्हा सावकाश सांगितलं.

आता, दोन जिन्नसांची पाककृती मराठी मनाला पटत नाही. साध्या वरणाला आपल्याकडे हळद, हिंग, मीठ लागतं आणि तरी आपण त्याला साधं म्हणतो. सासूबाईंना मी घरी येऊन कृती सांगितली तेव्हा त्यांनी निकाल दिला, “ती सांगत नाहीये. काही बायका एक जिन्नस मागे ठेवतात.” त्यांच्या नणंदेने अनारशाच्या बाबतीत चाळीस वर्षं हेच केलं होतं, म्हणून त्यांचा अनुभव खोटा म्हणता येईना.

त्यांचा दुसरा आक्षेप फळावरच होता. आम्ही आणलेली होती मॅकिंटॉश. हे फळ दिसायला गरीब, एका गालावर लाल, दुसऱ्या गालावर हिरवं, आकाराने बेताचं. “यापेक्षा पुण्याला मंडईत बरी मिळतात. कशी लालबुंद असतात, सिमल्याची!” यावर मी त्यांना सिमल्याच्या सफरचंदाची जन्मकथा सांगितली. ते लालबुंद, खाली पाच टेंगळं असलेलं फळ म्हणजे रेड डिलिशस, आणि त्याचं मूळ गाव अमेरिकेतलं आयोवा. तिथे जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप ओळ सोडून उगवलं, त्याने ते छाटलं, ते पुन्हा उगवलं, पुन्हा छाटलं, पुन्हा उगवलं, तेव्हा त्याने हात टेकले. पुढे फिलाडेल्फियाकडचे सॅम्युअल स्टोक्स कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी हिमालयात गेले, कोटगडला स्थायिक झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांनी या जातीची रोपं तिथे नेऊन लावली. हेच पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले. म्हणजे सिमल्याचं म्हणून आपण जे फळ आजोबांच्या उशाशी ठेवत आलो, ते आमच्यासारखंच दुसऱ्या देशात जाऊन स्थिरावलेलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “असेल,” त्या म्हणाल्या, “पण दिसायला ते बरं.”

दिसायला बरं आहेच. शिजवायला मात्र ते कुचकामी. चव सपक, साल जाड, गर पिठूळ. अ‍ॅपलसॉसला मॅकिंटॉशसारखं फळ हवं. आंबटगोड, वासाचं आणि स्वभावाने पडखाऊ, आच लागली की पंधरा-वीस मिनिटांत शरण येणारं. कॅनडातल्या ओंटारिओत 1811 साली जॉन मॅकिंटॉश रान साफ करत होता तेव्हा त्याला ही रोपं सापडली. त्यातल्या एका झाडाची कलमं, त्या कलमांची कलमं असं करत आजची सगळी मॅकिंटॉश झाली आहेत. सफरचंद बी लावून आईबापांसारखं कधी निघत नाही. ग्रॅनी स्मिथ शिजवली तर फोडी लवकर आपला आकार सोडत नाहीत. हनीक्रिस्प या मिनेसोटा विद्यापीठाने 1991 साली बाजारात आणलेल्या जातीबद्दल इथले लोक आपण हापूसबद्दल बोलतो त्या सुरात बोलतात, आणि भावही त्याच सुरात असतो. ती कच्ची खावी, शिजवणं म्हणजे पैसे उकळणं. चार जाती मिसळल्या तर चव चांगली येते म्हणतात. आमच्या पिशवीत खाली कॉर्टलंडही होती, ती मॅकिंटॉशचीच लेक.

सोलायचं की नाही यावर इथे दोन पंथ आहेत. सोलणारा पंथ शिस्तीचा. त्यांच्याकडे ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायचं, हाताने फिरवायचं यंत्र असतं, ते साल काढतं, गाभा काढतं आणि फळाची गोल जिन्याची चकती करतं. न सोलणारा पंथ आळशी, पण शास्त्र त्यांच्या बाजूला. सालीत पेक्टिन असतं, त्याने सॉसला अंग येतं. लाल सालीचा रंग उतरून सॉस गुलाबी होतो. फक्त नंतर साल-बिया गाळायला एक यंत्र लागतं. खाली भोकांची चकती, मध्ये तिरपं पातं, वर फिरवायचा दांडा. त्याची जाहिरात मी सासूबाईंना फोनवर दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला आणि म्हणाल्या, “हे पुरणयंत्र आहे.”

होतंच. तुळशीबागेतून आणलेलं, होळीला आणि गौरींना दोनदा बाहेर येणारं, एरवी माळ्यावरच्या खोक्यात निवांत पडलेलं. इथल्या दुकानांत ज्याला फूड मिल म्हणतात आणि ज्याच्यासाठी चांगले पैसे घेतात, ते आम्ही लग्नात आलेलं घेऊन बसलो होतो. त्या क्षणापासून सॉस माझा राहिला नाही. पुरणयंत्र आलं म्हणजे अधिकार सासूबाईंचा.

फोडी जाड बुडाच्या पातेल्यात घातल्या, साली-बियांसकट, तळाला भांडंभर पाणी, वर झाकण. दहा मिनिटांनी फोडींच्या कडा गळल्या, पंधरा मिनिटांनी ढिगाऱ्याची उंची निम्म्यावर आली आणि साली आतून सुटून वळ्या होऊन वर तरंगायला लागल्या. मग ते रटरटायला लागलं. दाट पदार्थ रटरटतो तेव्हा तो नेम धरून उडतो, आणि पहिला नेम मनगटावरच असतो. हे पिठल्याने शिकवलेलं असल्याने आम्ही दोघी लांब दांड्याचा डाव घेऊन हातभर अंतरावर उभ्या होतो. नवरा वास घ्यायला म्हणून वाकला. त्याच्या चष्म्याच्या काचेवर जो ठिपका बसला तो या मोसमातला पहिला अ‍ॅपलसॉस.

पुरणयंत्रात पुरण घालताना दांडा फिरवायला जोर लागतो. सफरचंद घातलं तर तो रिकामा असल्यासारखा फिरतो आणि खालून गुलाबी, गुळगुळीत गर भसाभस पडतो. सासूबाई सवयीने दोन्ही हातांनी दांडा धरून, पदर खोचून उभ्या होत्या. एवढ्या सहज काम झालेलं त्यांना आवडलं नाही. वर उरला तो चोथा, कोरड्या साली आणि अख्ख्या, काळ्या चकचकीत बिया. तीन पौंडांचा साधारण एक क्वार्ट, म्हणजे लिटरला थोडा कमी सॉस होतो, असं इथली पुस्तकं सांगतात. वीस पौंडांच्या ओझ्याने खांदा भरून आला होता. निघाल्या सहा बाटल्या आणि वर वाटीभर.

“आता यात घालायचं काय?” सासूबाईंनी बाह्या सावरत विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

इथून पुढचा तास पाककलेचा नव्हता, वाटाघाटींचा होता. सासूबाईंनी वेलदोडा काढला होता. नवऱ्याने केशर सुचवलं, कारण ते आणताना त्याने पैसे मोजले होते. मुलाला दालचिनी हवी होती, शाळेच्या डब्यात मिळते तशी. फोनवरून माझ्या आईने साजूक तुपावर लवंगेची फोडणी सांगितली आणि ‘गूळ घाल, साखर नको, टिकतो’ असंही सांगितलं. आणखी अर्ध्या तासात अ‍ॅपलसॉसचा सफरचंदाचा गुळांबा झाला असता, आणि शेजारच्या आजींना मी कुठल्या तोंडाने चव दाखवली असती?

दालचिनी नवरात्राने थोपवली. घट बसायला चार दिवस होते आणि सासूबाईंचे नऊ दिवस उपास असतात. सफरचंद चालतं, पाणी चालतं. दालचिनी चालते का? ठाण्याच्या आत्यांना फोन लागला. त्यांनी असं मांडलं: दालचिनी ही झाडाची साल, म्हणजे धान्य नाही, कडधान्य नाही, म्हणून हरकत नसावी, पण आपल्याकडे कोणी खात नाहीत, म्हणून नको. ज्या देशात सर्वोच्च न्यायालयाचे निकाल फिरतात तिथेही हा निकाल फिरत नाही.

वेलदोड्याला मात्र उपासाची आडकाठी नव्हती. तेव्हा मी शेवटचं हत्यार काढलं. “आई, हापूसच्या रसात तुम्ही वेलदोडा घालू देता का?”

सासूबाई गप्प झाल्या. कोकणातल्या माणसाशी बोलताना हा प्रश्न जपून वापरावा लागतो. त्यांच्याकडे एकदा देशावरच्या एका जावयाने रसात केशर-वेलदोडा मागितला होता, ते पंचवीस वर्षांनंतरही सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. चांगल्या फळाला काही घालायचं नसतं हे त्यांचं जन्माचं तत्त्व. फक्त ते आंब्याच्या पलीकडे लागू पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी चमचाभर सॉस बशीत घेतला, फुंकर मारली, चाखला. आधी आंबट, मग गोड, आणि मागून गुलाबासारखा एक वास. “हं,” त्या म्हणाल्या. वेलदोड्याची डबी बंद झाली. साखरही वाचली, मॅकिंटॉश चांगली पिकलेली असेल तर लागत नाही, आणि लागली तर ती शिजवून झाल्यावर, चव बघून घालावी.

बाटल्यांचा भाग त्यांना सगळ्यात संशयास्पद वाटला. लोणच्याला मीठ आणि तेल राखतं, मोरावळ्याला साखर राखते, वर दादरा बांधला की बरणी वर्षभर निर्धास्त. इथे राखायला काहीच घातलेलं नाही. राखणार कोण? फळाचा स्वतःचा आंबटपणा आणि उकळतं पाणी. जॉन मेसनने 1858 साली आट्याच्या झाकणाची जी बाटली पेटंट केली, तिच्या आजच्या वंशजांत कढत सॉस भरायचा, वर अर्धा इंच जागा सोडायची, झाकण लावून अख्खी बाटली बुडेल इतक्या उकळत्या पाण्यात क्वार्टची बाटली वीस मिनिटं ठेवायची. (डोंगरावर राहत असाल तर जास्त.) बाहेर काढून ठेवली की गार होता होता आतली हवा आक्रसते आणि झाकण आत ओढलं जाऊन ‘टक्’ असं वाजतं. त्या रात्री सासूबाई स्वयंपाकघरातच खुर्ची घेऊन बसल्या, हातात जपमाळ, आणि प्रत्येक ‘टक्’ला एक मणी जास्तीचा. सहातली एक वाजली नाही. तिला त्यांनी ‘आळशी’ म्हणून वेगळी काढली आणि फ्रिजमध्ये टाकली. न वाजलेली बाटली आधी संपवायची असते, यावर त्यांचं आणि अमेरिकी सरकारच्या पुस्तिकांचं एकमत आहे.

ती नवरात्रात संपली. जर्मन लोक बटाट्याच्या किसाच्या धिरड्यांबरोबर हा सॉस खातात, ज्यू कुटुंबं हनुक्काच्या सणाला तशाच तळलेल्या लाटकांबरोबर. मग आमच्या घरी उपासाच्या बटाट्याच्या थालीपिठाशेजारी तो आला तर त्यात नवल काय? गरम, कडा कुरकुरीत झालेलं, हिरवी मिरची-जिरं-दाण्याचं कूट घातलेलं थालीपीठ आणि फ्रिजमधला गार, आंबट-गोड सॉस. दह्याला इतका तगडा प्रतिस्पर्धी मी तरी पाहिलेला नाही. इंग्रज तो भाजलेल्या डुकराबरोबर खातात, हे सासूबाईंना सांगायची गरज मला वाटली नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, पहिल्या दिवशीचा त्यांचा प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. इथेही पोट बिघडलं की आया पिढ्यान् पिढ्या केळं, भात, अ‍ॅपलसॉस आणि टोस्ट देत आल्या आहेत. दात न आलेल्यांना तोच, दात गेलेल्यांना तोच. फेब्रुवारी 1962 मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरायला गेले, तेव्हा वजनरहित अवस्थेत माणसाला घास गिळता येतो की नाही याचीच डॉक्टरांना शंका होती. म्हणून त्यांनी ट्यूबमधून पिळून खायला दिलेल्या पदार्थांत अ‍ॅपलसॉस होता. म्हणजे अवकाशातही सफरचंद गेलं ते डॉक्टरांच्याच सांगण्यावरून.

तुम्ही करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. फ्रिजमधला आठ-दहा दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर बाटलीत वर बोटभर जागा सोडा, नाहीतर काच तडकते. तिकडे महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी मंडईत गोल्डन मिळाली तर घ्यावी, लालबुंदाच्या नादी लागू नये. वेलदोडा घालायचाच असेल तर वाटीभर वेगळा काढून त्यात घाला, सगळ्या पातेल्यात नको. आणि बागेत गेलात, तर हिशेब कितीही चुकीचा वाटला तरी पेकची पिशवी घ्या.